ऑनर्स कार्यक्रम की नामवंत खासगी कॉलेज: १ मेपूर्वी करायचा हिशेब

अमेरिकेतील कॉलेजांची प्रवेशपत्रे साधारणपणे मार्चअखेरपर्यंत येतात आणि बहुतेक ठिकाणी होकार १ मेपर्यंत कळवायचा असतो. दोन वर्षांपूर्वी विलेपार्ल्यातील आमच्या भाड्याच्या घरात अशी दोन पत्रे समोरासमोर आली: एक मोठ्या राज्य विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजचे, शिष्यवृत्तीसह, आणि दुसरे छोट्या पण अतिशय मानाच्या खासगी कॉलेजचे. तो महिना आम्ही बराचसा चुकीच्या प्रश्नांत घालवला. योग्य प्रश्न कोणते, हे इतरांना आधीच कळावे म्हणून हे टिपण लिहीत आहे.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करावा. आपल्याकडे ‘ऑनर्स’ म्हटले की दिल्ली विद्यापीठाची बी.ए. ऑनर्स आठवते, किंवा नव्या शैक्षणिक धोरणातील चार वर्षांची पदवी. अमेरिकेतील राज्य विद्यापीठात मात्र ऑनर्स म्हणजे हजारो विद्यार्थ्यांमधून निवडलेला एक गट, ज्याला लहान वर्ग, विषयनोंदणीत अग्रक्रम, बहुधा वेगळे वसतिगृह आणि शेवटी प्रबंधाची संधी मिळते. या सोयींचे प्रमाण मात्र जागोजागी फार वेगळे असते. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील ‘प्लॅन टू’ हा १९३५ पासून चालत आलेला स्वतंत्र पदवी अभ्यासक्रमच आहे. ॲरिझोना स्टेटच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजात पहिल्या वर्षी चर्चात्मक वर्ग आणि शेवटी प्रबंध सक्तीचा आहे. पेन स्टेटच्या श्रायर ऑनर्स कॉलेजातही प्रबंधाशिवाय सुटका नाही. याउलट काही ठिकाणी ऑनर्स म्हणजे पहिल्या वर्षापुरते बरे वसतिगृह आणि पदवीपत्रावर एक जादा ओळ, एवढेच असते. माहितीपत्रकातील भाषा मात्र सगळीकडे सारखीच भारदस्त.

हा फरक ओळखण्याचा उत्तम उपाय म्हणजे आपल्या मुलाच्या विषयात दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला असलेल्या ऑनर्स विद्यार्थ्याला गाठून त्याचे चालू सत्राचे वेळापत्रक पाहणे. प्रवेश कार्यालयाला पत्र लिहिले की ते अशा विद्यार्थ्याशी गाठ घालून देतात. आम्हाला भेटलेल्या पुण्याच्या मुलीने व्हिडिओ कॉलवर आपले वेळापत्रक उघडून दाखवले, तेव्हा पाच विषयांपैकी एकच खऱ्या अर्थाने ऑनर्सचा निघाला, एकोणीस जणांचा. दुसऱ्या एका विषयापुढे ‘ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट’ असे लिहिले होते, म्हणजे बसायचे त्याच दोनशे ऐंशी जणांच्या वर्गात आणि प्राध्यापकांना एक जादा निबंध लिहून द्यायचा. तो अर्ध्या तासाचा कॉल आमच्या सगळ्या माहितीपत्रकांना भारी पडला.

त्यानंतर ऑनर्स कार्यालयाकडून काही गोष्टी लेखी मागवाव्यात. ऑनर्समध्ये प्रवेश मिळाला म्हणजे हवा तो मुख्य विषय मिळालाच असे नसते. विशेषतः संगणकशास्त्रासारख्या गर्दीच्या विषयाला पुन्हा वेगळी चाळणी लागू शकते. गटात टिकण्यासाठी किमान किती जीपीए (सरासरी गुणांक) लागतो, तो घसरला तर शिष्यवृत्तीही जाते की फक्त ऑनर्सचा शिक्का, आणि प्रबंधाचा मार्गदर्शक विद्यापीठ देते की विद्यार्थ्यानेच दारोदार फिरून मिळवायचा, हेही विचारावे. उत्तरे मोघम आली तर तेही एक उत्तरच समजावे.

खासगी कॉलेजच्या बाबतीत चौकशीची दिशा उलटी असते. तेथे लहान वर्ग गृहीतच असतात: स्वार्थमोरसारख्या कॉलेजात साधारण आठ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असतो, आणि तेथील ऑनर्स परीक्षा घ्यायला १९२२ पासून बाहेरच्या संस्थांमधून परीक्षक येतात. तेथे तपासायची गोष्ट म्हणजे विषयाची खोली. अशा कॉलेजांत प्रामुख्याने पदवीचेच शिक्षण असल्याने एखादा गणिताचा वेडा विद्यार्थी तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील बहुतेक विषय संपवू शकतो. मोठ्या राज्य विद्यापीठात तोच विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात जाऊन बसतो. अ‍ॅमहर्स्ट किंवा विल्यम्स येथे अभियांत्रिकीची पदवीच नाही, ही गोष्टही काही पालकांना उशिरा कळते. आमच्या मुलीला गणितच करायचे होते आणि राज्य विद्यापीठाच्या विभागाने पदव्युत्तर विषय घेण्याची मुभा लेखी कळवली, म्हणून आमचा कौल तिकडे गेला. तिला इतिहास करायचा असता, तर मी दुसऱ्या पत्रावर सही केली असती.

आता पैशाकडे यावे. ‘राज्य विद्यापीठ स्वस्त आणि खासगी कॉलेज महाग’ हे सूत्र त्या राज्यातील रहिवाशांसाठी आहे, अंधेरी-ठाण्याच्या विद्यार्थ्यांसाठी नाही. आपल्याला राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याचा दर लागतो आणि बहुतेक राज्य विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित मदत देत नाहीत. देतात ती गुणवत्तेवरची ठरावीक रक्कम. याउलट अ‍ॅमहर्स्टसारखी मोजकी खासगी कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यांचीही पूर्ण आर्थिक गरज, म्हणजे घरच्यांना परवडणारा वाटा वगळून उरलेला खर्च, भागवण्याचे बंधन स्वीकारतात. त्यामुळे शुल्काचे आकडे न पाहता मदत वजा जाता हाती राहणारी रक्कम पाहावी, आणि तीही चारही वर्षांची.

समजा, राज्य विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च ५८,००० डॉलर आणि शिष्यवृत्ती १५,००० आहे, तर खासगी कॉलेजचा खर्च ८८,००० आणि मदत ४०,००० आहे. पहिल्या वर्षी आपल्याला अनुक्रमे ४३,००० आणि ४८,००० डॉलर भरावे लागतील. पण शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा गोठलेली असते आणि खर्च वाढत जातो. तो दर वर्षी ४ टक्क्यांनी वाढला, तर चौथ्या वर्षी राज्य विद्यापीठात सुमारे ५०,२०० डॉलर द्यावे लागतील. खासगी कॉलेज पूर्ण गरज भागवणारे असेल आणि घरचे उत्पन्न तेवढेच राहिले, तर तेथील आपला वाटा ४८,००० च्या आसपासच राहील. वरवर चार वर्षांत २०,००० डॉलरचा वाटणारा फरक अशा रीतीने ६,००० च्या आत येतो. मात्र प्रवेशाच्या वेळी मदतीचा अर्ज केला नसेल, तर अनेक कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याला तो पुढे करू देत नाहीत. कॉलेज परदेशी विद्यार्थ्यांना एकंदर किती मदत देते, हे त्याच्या ‘कॉमन डेटा सेट’ नावाच्या वार्षिक तक्त्यातील ‘एच’ विभागात सापडते, आणि वर्गांचे आकार ‘आय’ विभागात.

हा हिशेब रुपयात मांडताना आजचाच दर चारही वर्षे धरू नये. २०१४ च्या मध्यावर ६० रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२४ च्या अखेरीस ८५ वर गेला होता. म्हणून दर वर्षी तीन-चार टक्के वाढ धरणे शहाणपणाचे. कर्जाची चौकशी तर पत्र येण्याआधीच सुरू करावी. आमची इमारत पुनर्विकासात गेली होती. पाडलेल्या इमारतीतील फ्लॅट तारण म्हणून चालणार नाही, हे सांगायला एका बँकेने तीन आठवडे घेतले. शैक्षणिक कर्जावरील व्याजाची आयकरातील वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, हेही विसरू नये.

नावाच्या वजनाबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. संशोधक स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांच्या २००२ च्या अभ्यासात असे दिसले, की सारख्याच कॉलेजांत अर्ज करून प्रवेश मिळवलेल्या विद्यार्थ्यांच्या पुढील सरासरी कमाईत नामांकित कॉलेजमुळे फारसा फरक पडत नाही. कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांना मात्र फायदा होतो. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासात आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे आठ जुनी खासगी विद्यापीठे) आणि त्यांच्या तोडीच्या मोजक्या कॉलेजांची आघाडीच्या राज्य विद्यापीठांशी तुलना होती. तेथेही सरासरी कमाईत मोठा फरक आढळला नाही, परंतु सर्वाधिक कमावणाऱ्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता वाढलेली दिसली. हे दोन्ही अभ्यास अमेरिकी विद्यार्थ्यांचे आहेत. आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत व्हिसा हा निराळाच घटक मध्ये येतो: पदवीनंतर ओपीटी या विद्यार्थी व्हिसावरील कामाच्या परवानगीखाली १२ महिने काम करता येते आणि पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतील असेल तर आणखी २४ महिने. हे अभ्यासक्रमाच्या सीआयपी क्रमांकावर, म्हणजे अमेरिकी सरकारच्या विषय-वर्गीकरणातील क्रमांकावर, ठरते. अर्थशास्त्राचा ४५.०६०१ हा सर्वसाधारण क्रमांक त्या यादीत नाही, पण संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३ हा क्रमांक त्या यादीत आहे. एकाच विषयाला दोन कॉलेजांत दोन क्रमांक असू शकतात, तेव्हा विभागाला ईमेल करून तो विचारून घ्यावाच.

सोसायटीतल्या मंडळींचे मत मात्र हिशेबात धरू नये. स्वार्थमोर म्हटले की पार्ल्यात समोरचा माणूस नम्रपणे विषय बदलतो, आणि तेच नाव अमेरिकेतील पीएच.डी. प्रवेश समितीला चांगले ठाऊक असते.

शेवटची गोष्ट अगदी व्यावहारिक आहे. १ मे हा महाराष्ट्र दिन असल्याने त्या दिवशी मुंबईतील बँका बंद असतात. होकारासोबतची अनामत रक्कम बँकेतून पाठवायची असेल तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याच्या आधीच अर्ज द्यावा, कार्डाने भरायची असेल तर कार्डावरील परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्यावेत, आणि पावती मिळाल्यावरच दुसऱ्या कॉलेजला नकार कळवावा.