लाकडी पेन : लेथच्या आधी आणि लेथच्या नंतर

लाकडी पेन करताना नवशिके बहुतेक स्लिमलाइन किटपासून (पेनच्या तयार सुट्या भागांचा संच) सुरुवात करतात. त्याच्या पितळी नळीचा बाहेरचा व्यास 7 मि.मी. आणि तयार पेनची जाडी साधारण 8.4 मि.मी. असते. म्हणजे नळीभोवती लाकूड उरतं जेमतेम 0.7 मि.मी. इतक्या पातळ थराला ओलावा, उष्णता, जोर काहीच सहन होत नाही. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर, ते कातणं आठवडाभरात हाताला बसतं. पेन बिघडतं ते बहुधा त्याआधीच्या किंवा नंतरच्या कामात.

लाकूड पूर्ण वाळलेलंच हवं. 19 × 19 × 125 मि.मी.चा तुकडा कापा, त्यावर तारीख लिहा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करा. सलग दोन-तीन आठवडे वजन तेच आलं, तर तुकडा वाळला. कोकणात ही मोजणी दिवाळीनंतरच करा. पावसाळ्यात वजन स्थिर दिसलं तरी लाकडात दमट हवेचा ओलावा असतोच. शिकायला बाभूळ, चिंच आणि जुन्या दाराखिडक्यांचा साग उत्तम. सागात खिळ्यांचे तुकडे राहिलेले नाहीत ना, हे लोहचुंबकाने तपासा. सागातल्या सिलिकामुळे हत्याराची धार लवकर जाते, आणि तो तेलकट असल्याने गोंदही नीट धरत नाही. चिकटवण्याआधी भोक अॅसिटोनने पुसून घ्या. चंदन आणि रक्तचंदन पावतीशिवाय घेऊ नका. शिसवीची दाल्बर्जिया ही जवळपास संपूर्ण प्रजाती 2017 पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. परदेशी ग्राहकाला पेन पाठवण्याआधी तेव्हाचे नियम बघून घ्या.

तुकडा दोन भागांत कापण्याआधी एका बाजूवर पेन्सिलीने सलग तिरकी रेघ ओढा, नाहीतर जोडताना वरच्या-खालच्या भागाच्या नसा (लाकडातल्या रेषा) जुळत नाहीत. प्रत्येक भाग नळीपेक्षा किमान 3 मि.मी. लांब ठेवा. 7 मि.मी.चं ड्रिल 500 आरपीएमच्या आसपास चालवा आणि दर सेंटिमीटरला बाहेर काढून भुसा झाडा. भुसा अडकला की लाकूड तापतं आणि आतून बारीक चीर जाते. ती तेव्हा दिसत नाही, पॉलिश झाल्यावर दिसते. ड्रिल पलीकडून बाहेर पडताना टोकाची ढलपी उडते, म्हणून शेवटचे काही मिलिमीटर अगदी सावकाश.

नळी 150 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून घ्या. गुळगुळीत पितळेला गोंद धरत नाही. नळीचं तोंड कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबलं की ते बंद होतं आणि गोंद आत शिरत नाही (मळलेली कणीकही चालते). दोन घटक मिसळून वापरायचा इपॉक्सी गोंद लावा, नळी फिरवत फिरवत आत सरकवा आणि रात्रभर सुकू द्या. फेविक्विकसारखा गोंद इथे टाळा, नळी अर्ध्यातच अडकते. सुकल्यावर पेन मिलने (तुकड्याची टोकं सपाट कापणारं हत्यार) दोन्ही टोकं काटकोनात करा. पितळेची कड चमकली की तिथेच थांबा. नळी अर्ध्या मिलिमीटरने जरी आखूड झाली, तरी रिफिल जास्त बाहेर येते.

तुकडे ज्या दांड्यावर ओवून लेथवर फिरवतात त्या मॅन्ड्रेलचं नट बोटांनी आवळता येईल तेवढंच आवळा आणि टेलस्टॉकचा (दांड्याचं दुसरं टोक दाबून धरणारा लेथचा भाग) जोर बेताचा ठेवा. जोर जास्त झाला तर मॅन्ड्रेल वाकतो आणि पेनची एक बाजू जाड, दुसरी पातळ होते. नवशिके याचं खापर हत्यारावर फोडतात. कातताना 2000 ते 2500 आरपीएम पुरे. पॉलिश पेपर 150 पासून 600 पर्यंत क्रमाने लावा, एकही नंबर गाळू नका. प्रत्येक नंबर झाल्यावर लेथ थांबवून नसांच्या दिशेने हाताने घासा. आडवे ओरखडे फक्त त्यानेच जातात. फिनिशसाठी पातळ सुपरग्लूचे सात-आठ हात द्या, पण कागदी टिश्यूने. सुती कापडावर हा गोंद पडला की कापड तापतं, त्यातून धूर येतो आणि बोट भाजतं. मास्क आणि चष्मा लागतोच. बांगड्या, ओढणी, लोंबत्या बाह्या किंवा हातमोजे असतील तर लेथ सुरू करू नका.

जोडणीत एकच जागा दगा देते : ट्रान्समिशन, म्हणजे पेन पिळल्यावर रिफिल आत-बाहेर करणारा भाग. ते थोडं दाबा, रिफिल बसवून बघा, मग पुन्हा थोडं दाबा. जास्त आत गेलं की लाकूड न तडकवता बाहेर काढणं फार कठीण.

विकायला सुरुवात केल्यावर स्लिमलाइन किट बाजूला ठेवा. त्याला क्रॉस धाटणीची रिफिल लागते, ती गावातल्या दुकानात क्वचितच मिळते. शाई संपली की पेन ड्रॉवरमध्ये पडून राहतं. सिएरासारख्या किटला पार्कर धाटणीची रिफिल चालते आणि ती जवळपास कुठेही मिळते. त्याला ड्रिल वेगळं लागतं, 27/64 इंचाचं, पण नळी एकच असल्याने नसा जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. किंमत ठरवताना दहातले एक-दोन तुकडे तडकणार हे धरूनच चाला आणि आपले तास मोजा. लेझरने नाव कोरायचं असेल तर ग्राहकाकडून ते देवनागरीत लेखी घ्या, आणि फॉन्ट जाड निवडा. बारीक फॉन्टमध्ये रफार आणि अनुस्वार लाकडाच्या नसांत हरवतात, आणि नाव चुकलेलं पेन दुसऱ्या कुणालाही विकता येत नाही.