कुंथतंय म्हणजे बद्धकोष्ठच असं नाही: लघवी आणि पोटाच्या पेशंटची देखभाल

मांजर ट्रेमध्ये परत परत जाऊन बसतंय, कुंथतंय, ओरडतंय आणि बाहेर काहीच येत नाहीये, की बहुतेक जण बद्धकोष्ठ समजून तेल पाजतात. प्लीज नका पाजू, तेल श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाचं वेगळंच संकट उभं राहतं. बोका असेल तर आधी लघवी होतेय का ते बघा, वाळू उकरून ओला गोळा सापडतोय का बघा. त्याची मूत्रनलिका पुढे इतकी अरुंद होते की बारीक खडे किंवा चिकट गोळा अडकला की लघवी पूर्ण तुंबते, मग रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, तुंबलेलं मूत्राशय फुटू शकतं. रात्र असली तरी लगेच डॉक्टरकडे न्या.

अडथळा काढल्यावर बहुतेक वेळा कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर बॅगेत नेणारी बारीक नळी, ठेवतात आणि खरी नर्सिंग तिथून सुरू होते. हात धुवून ग्लोव्हज घातल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही. बॅग पेशंटपेक्षा खालच्या लेव्हलला हवी, नाहीतर लघवी उलटी आत जाते, पण ती फरशीवरही टेकवायची नाही. नळी चावू-ओढू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर हवीच. दर ४ तासांनी बॅग रिकामी करून किती मिली ते लिहायचं, साधारण किलोमागे तासाला १ ते २ मिली, म्हणजे ४ किलोच्या बोक्याची ४ तासांत १६ ते ३२ मिली. कमी दिसली तर आधी नळी मुडपलीये का, अंगाखाली दबलीये का ते बघा, तसं काही नसेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. काहींना मात्र अडथळा निघाल्यावर धो धो लघवी होते आणि सलाईन त्या हिशोबाने वाढवावं लागतं, म्हणून चार्टवर "बरीच झाली" असं लिहून काही उपयोग नाही, आकडाच पाहिजे.

पडून असलेल्या कुत्र्याची कूस दर ४ तासांनी बदला, लघवीने भिजलेली कातडी धुऊन नीट कोरडी करा, नाहीतर ती लाल होऊन सोलायला लागते.

आता पोटाचं. उलटी होते तेव्हा आधी मळमळ असते, पोट जोरात आत-बाहेर होतं. नुसती मान खाली करून न पचलेलं अन्न सहज बाहेर पडलं तर दोष अन्ननलिकेत असू शकतो, त्यामुळे मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवा, सांगण्यापेक्षा ते बरं. शी डांबरासारखी काळी असेल तर रक्त वरच्या भागातून येतंय, लालभडक असेल तर खालून. हिरड्या चिकट लागतायत, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसतेय, म्हणजे शरीरातलं पाणी कमी झालंय. रोज त्याच काट्यावर वजन करा. मोठ्या छातीचा कुत्रा ओकाऱ्या काढतोय, काही पडत नाहीये आणि पोट फुगलंय, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो, तिथे घरी काही करत बसू नका.

माणसांच्या गोळ्या तर नकोच, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

मांजराला उपाशी ठेवू नका, दोनतीन दिवस खाल्लं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते. अन्न अंगाइतकं कोमट करून थोडंसंच पुढे ठेवा, पण ओठ चाटतंय, लाळ गळतेय, तोंड फिरवतंय तर वाटी लगेच उचला आणि डॉक्टरांकडून मळमळीचं औषध घ्या, नाहीतर मांजर त्या अन्नाचाच धसका घेतं आणि बरं झाल्यावरही खात नाही.

कुत्र्याच्या पिल्लाला रक्ताचे जुलाब असतील तर पार्व्होचा (जुलाब-उलट्यांचा संसर्गजन्य विषाणू) टेस्ट रिपोर्ट येईपर्यंत त्याला वेगळं ठेवा, त्याचे ग्लोव्हज आणि भांडी वेगळी. हा विषाणू साध्या साबणाने मरत नाही. आधी घाण पूर्ण धुवायची, मग ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच घालून ते फरशीवर १० मिनिटं तसंच ओलं ठेवायचं.