जर्मनीतलं मास्टर्स: माझा २.६ चा २.३ कसा झाला

जर्मनीत १.० म्हणजे अव्वल आणि ४.० म्हणजे काठावर पास. मला हव्या असलेल्या कोर्सला २.५ किंवा त्याहून चांगला ग्रेड लागत होता. माझा सीजीपीए ७.३, आणि प्राथमिक तपासणीत त्याचा ग्रेड काढला गेला २.६. म्हणजे अर्ज बाद होणार!

परदेशी गुणांचा जर्मन ग्रेड काढायला तिकडे बहुतेक ठिकाणी सुधारित बव्हेरियन फॉर्म्युला चालतो. सर्वोच्च गुणांतून आपले गुण वजा करायचे, सर्वोच्च आणि किमान पासिंग यांच्यातल्या फरकाने भागायचं, ३ ने गुणून १ मिळवायचा. आमच्याकडे सर्वोच्च १० आणि पासिंग ४, त्यामुळे हाताने केलं तर माझं उत्तर २.३५ येत होतं. बराच वेळ डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, की पासिंग ४ ऐवजी ५ धरलं तर २.६२ येतं. मार्कशीटवर पासिंगचा आकडा छापलेलाच नव्हता, त्यामुळे तपासणाऱ्याने अंदाजाने ५ धरला असावा.

मग आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेलो. तिथे आधी बोनाफाईडच हातात ठेवलं (तेवढं मात्र झटपट मिळतं). शेवटी इंग्रजी मजकूर मीच टाइप करून नेला: ग्रेडिंग १० च्या स्केलवर, सर्वोच्च १०, किमान उत्तीर्ण ४. सोबत नियमावलीतलं ते पान जोडलं. मग लेटरहेडवर सही-शिक्का मिळाला. पत्र अपलोड केलं, ईमेलमध्ये आकडेमोड मांडली आणि ग्रेड २.३ झाला.

पत्राच्या जास्तीच्या मूळ प्रती तेव्हाच मागून घ्या, दुसऱ्या अर्जांना मला त्याच लागल्या.