"पाणी कुठवर आलं होतं?" एवढंच विचारून परत येऊ नका

मे २०१९. कोर्स संपवून कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचा आपत्ती आराखडा करायला गेलो. गावभर एकच प्रश्न विचारला: २००५ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं? लोकांनी भिंतींवरच्या खुणा दाखवल्या, मी नकाशावर रेघ ओढली. रेघेच्या वरची घरं 'सुरक्षित'. स्थानिक ज्ञान घेतलं म्हणून स्वतःवरच खूश!

ऑगस्टमध्ये पाणी त्या रेघेच्या वर गेलं. वरच्या आळीतली माणसं निघालीच नव्हती. माझा नकाशा कुणी उघडूनही बघितला नव्हता, पण त्यांच्या डोक्यात तीच रेघ होती. ती खोडायचं सोडून मी तिच्यावर शिक्का मारला होता. हे अजून टोचतं.

पुढच्या वर्षी एक आजी म्हणाल्या, "नदीकडं काय बघतोस, मागच्या वड्याकडं बघ." कृष्णा भरली की नरसोबाच्या वाडीला, जिथं पंचगंगा तिला मिळते, तिथं पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. गावात ऊन पडलेलं असतं आणि पाणी ओढ्यातून उलटं आत येतं. घर कोरडं असतानाच रस्ता बंद! म्हणून विचारा: आधी काय बुडतं? त्यानंतर बाहेर पडायला किती तास मिळतात? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी सगळ्यांना पाठ असते. पण बंधारा कोल्हापूरजवळ, गाव खाली. तिथं ३९ झाले की आपल्या ओढ्यावरच्या मोरीवर, म्हणजे छोट्या पुलावर, पाणी कधी आणि किती, हे गावातलाच माणूस सांगणार.

म्हशी कुठं न्यायच्या ते आधी ठरवा. नाहीतर माणूस हलत नाही, कितीही भोंगे वाजवा.

एका दुपारी गावकऱ्यांकडून जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढून घ्यायचा, फोटो आणि परत, असली कामं करणार असाल तर घरी बसा. शेजारच्या गावाचं नाव तसंच राहिलेले आराखडे मी पाहिलेत. मोठ्या संस्थेतला गुरूही शोधत बसू नका. दूध डेअरीवर बसा; कुठला रस्ता कधी बंद झाला हे तिथं सकाळ-संध्याकाळ कळतं. आपदा मित्र, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या सरकारी योजनेचं प्रशिक्षण मिळालं तर मात्र सोडू नका.

पहिला आराखडा चुकणारच, खचू नका. मी दर मे महिन्यात त्या मोरीवरचे पाण्याची उंची दाखवणारे पट्टे पुन्हा रंगवतो. यंदा शाळेतल्या पोरांनी माझ्याआधीच रंगवले होते, एक पट्टा वाढवून.