पावसाळ्यात सक्युलंट: पाण्याची झारी जरा लांबच ठेवा

जुलैत एचेवेरियाची (गुलाबासारखी पानं असलेल्या सक्युलंटची, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडाची) पानं सुरकुतली की आपला हात आपसूक झारीकडे जातो. तो आवरा. या दिवसांत सुरकुतलेलं पान सहसा तहानेचं नसतं. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून माती ओली असूनही झाड सुकतं. कुंडीत तळापर्यंत काडी खुपसून बघा. काडी ओली निघाली आणि पान मऊच असेल, तर झाड सरळ उपटा. चांगली मुळं पांढरट आणि टणक असतात. कुजलेली काळपट असतात आणि ओढली की साल हातात येते.

खोडापर्यंत कूज गेली असेल तर स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने वरचा भाग कापा. कापात तपकिरी ठिपका दिसत असेल, तर आणखी वर कापा, पार स्वच्छ भाग लागेपर्यंत. आपल्याकडच्या दमट हवेत जखम सुकायला आठवडाही लागतो, त्यामुळे घाई नको. मग तुकडा कुंडीत भरायच्या कोरड्या मिश्रणावर (ते कसं करायचं ते पुढे आहे) नुसता टेकवून ठेवा आणि मुळं फुटल्यावरच पाणी द्या.

बहुतेक एचेवेरिया मूळची मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली झाडं, तिथल्या रात्री थंड. ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्याची रात्रही उबदार आणि दमट, त्यामुळे त्यांची वाढ जवळपास थांबते. खत अजिबात नको. पाणी फक्त मिश्रण तळापर्यंत वाळल्यावर, तेही उघडीप बघून. कुंड्या ग्रिलच्या कडेवरून आत घ्या, वरच्या मजल्याच्या पागोळ्या आणि एसीचं पाणी नेमकं तिथेच पडतं. पण ग्रिलला चहूबाजूंनी प्लास्टिक लावू नका. पाऊस अडतो तसा वाराही अडतो, आणि या झाडांना वारा हवाच.

नर्सरीतून आणलेलं रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) असतं. ते पावसात आठवडाभर ओलं राहतं. उघडीप मिळाली की एक भाग कंपोस्ट आणि तीन भाग विटांचे बारीक तुकडे, परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा जाड वाळू अशा मिश्रणात बदला. खाडीची रेती वापरू नका, तिच्यात मीठ असतं. भोक नसलेली चिनीमातीची कुंडी दिसते छान, पण सक्युलंटसाठी ती म्हणजे डबकंच. ताटल्याही काढून टाका.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर ती पिठ्या ढेकूण ही कीड. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तरी शोध घ्या, मुंग्याच ही कीड पसरवतात. थोडेच असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण घालून संध्याकाळी फवारा. भुकटीदार पानांच्या एचेवेरियावर मात्र तेल नको, ती पांढरी झाक पुसली जाते.

ढगाळ दिवसांत शेंडा लांबट झालेली झाडं पुन्हा ठेंगणी होत नाहीत. त्यांची छाटणी ऑक्टोबरवर ठेवा. पावसानंतर मात्र एकदम कडक उन्हात काढू नका: पहिला आठवडा फक्त सकाळचं कोवळं ऊन, नंतर आणखी आठवडाभर हिरव्या शेडनेटखाली.