एक्स-१५ चं मॉडेल: शेपटीचा तुकडा चिकटवण्याआधी थांबा

एक्स-१५ या रॉकेट विमानाचं १/७२ मॉडेल जेमतेम साडेएकवीस सेंटीमीटर भरतं, पण घोळ हमखास शेपटीखाली होतो. पोटाखालच्या उभ्या पंखाचा तळचा भाग खऱ्या विमानात उतरण्याआधी सोडून देत, कारण तो मागच्या स्किडच्याही (चाकांऐवजी असलेल्या घसरपट्ट्यांच्याही) खाली जायचा. म्हणून विमान स्किडवर उतरलेलं दाखवायचं असेल तर तो तुकडा चिकटवूच नका. त्याला हवेत वर नेणाऱ्या बी-५२ बॉम्बर विमानाच्या पंखाखाली लटकवणार असाल तर लावा, पण नंतरच्या बऱ्याच उड्डाणांत तो नसायचा. रंग निव्वळ काळा नको, किंचित निळा-तपकिरी मिसळा. उड्डाणात तापून इन्कोनेलच्या (निकेलच्या मिश्रधातूच्या) पत्र्यावर तशा छटा उमटत. आणि हो, ठाण्यात पावसाळ्यात बाल्कनीत लॅकर मारू नका. दमट हवेनं पांढुरकी झाक येते. खाडीकाठी राहून माझं एक मॉडेल असंच गेलं.