निशिकासाईत घर घेण्याआधी सकाळची गाडी पकडून बघा

तोक्योला यायचं ठरलं की पुण्या-मुंबईची मंडळी विमानात बसण्याआधीच ठरवून टाकतात, घर निशिकासाईलाच. किराण्याची भारतीय दुकानं, शेजारी मराठी, पोरांना शाळा. सगळं खरं. पण तिथून जाणाऱ्या मेट्रोच्या, तोझाई लाइनच्या सकाळच्या गर्दीबद्दल कुणी बोलत नाही.

करार बहुधा दोन वर्षांचा असतो. त्यात घरमालकाला 'रेइकिन', म्हणजे घर दिल्याबद्दल भेट म्हणून पैसे, दिलं असेल तर ते परत मिळत नाही. म्हणून सही करण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी आठला तिथून ऑफिसांच्या भागापर्यंत, ओतेमाचीपर्यंत जाऊन या. रविवारी दुपारी घर पाहून भाळू नका. दर वर्षी कुणीतरी भाळतं, सहा महिन्यांत घर बदलतं आणि पैसे घालवतं. रविवारी नाही, कामाच्या दिवशी!

इथे गर्दी टक्क्यांत मोजतात. प्रत्येकाला बसायला किंवा धरायला काहीतरी मिळालं की 100. 180 ला पेपर घडी घालून वाचता येतो. 200 ला अंगाला अंग. किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात 2019 साली 199 होते. कोविडमध्ये आकडा उतरला, आता पुन्हा 150 च्या आसपास आहे.

"आम्ही विरार लोकलवाले, आम्हाला काय सांगता?" हे मी प्रत्येक नव्याकडून ऐकलंय. विरारची सवय इथे उलटी नडते. तिथे "दादर उतरणार का?" विचारत आपण आधीच पुढे सरकतो. इथे कुणी चकार शब्द काढत नाही. दारात उभे असाल तर स्टेशन आलं की तुम्हीच खाली उतरा, बाजूला थांबा, लोक उतरले की परत चढा. दार अडवून उभे राहणारे बहुतेक आपलेच असतात, सांगायला लाज वाटते. सॅक पोटाशी घ्या. फोनवर बोलू नका.

बायकांच्या डब्याची जागा फलाटावर गुलाबी रंगात दाखवलेली असते. तो फक्त ठरावीक वेळेपुरता, मुंबईसारखा दिवसभर नाही. गाडीला उशीर झाला तर स्टेशनवरून तसा दाखला घ्या, ऑफिसात चालतो.

घरासाठी ओजिमा हा भागही बघा. भारतीय शाळा तिथेही आहे, आणि शिंजुकु लाइनला गर्दी असली तरी तोझाईइतकी बदनाम नाही. निशिकासाईच हवं असेल, तर ऑफिसात दहाची वेळ मागा. पहिल्याच आठवड्यात मागा, नंतर संकोच वाटतो.